नायक्रोम आणि कँथल: तार कोणती, हे थंड झाल्यावर कळतं

नागपुरात कूलरच्या पंपांचा सीझन आटोपतो, डिसेंबरात पारा दहाच्या आसपास रेंगाळायला लागतो आणि रॉड हीटर, स्प्रिंगच्या शेगड्या माळ्यावरून खाली येतात. त्यांच्यासोबत दरवर्षीचं वाक्यही येतं: "भाऊ, तारच तर आहे ना, टाका कोणतीही." कोणतीही टाकून चालत नाही, आणि हे सांगून सांगून तोंड दुखलं म्हणून एकदा लिहूनच काढतो.

हीटर-शेगडीत विजेने लालबुंद होऊन उष्णता देणारी जी तार असते, तिच्या या दोन जाती: नायक्रोम आणि कँथल. नायक्रोम जुनी, सगळ्यांच्या ओळखीची. निकेल साधारण ८० टक्के, क्रोमियम २०. अल्बर्ट मार्शने १९०६ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलं, तेव्हापासून इस्त्री, टोस्टर, रॉड हीटर यांच्यात हीच तार. कँथल म्हणजे स्वीडनहून आलेली लोखंड, क्रोमियम आणि थोड्या अ‍ॅल्युमिनियमची तार. निकेल नाही, म्हणून स्वस्त. नायक्रोम १२०० डिग्रीपर्यंत टिकते, कँथलची ए-वन जात १४०० पर्यंत. कँथल हलकी, नायक्रोम जड. कँथल चुंबकाला चिकटते, नायक्रोम नाही. हे आकडे सगळ्यांना पाठ असतात आणि वाद नेमका त्यांच्यावरच रंगतो. घरच्या शेगडीला १४०० डिग्रीशी काय घेणं आहे, बाप्पा?

खरी गोम वेगळीच आहे. तार एकदा लालबुंद होऊन थंड झाली, की तिचं काय होतं?

नायक्रोम नरमच राहते. दोन हिवाळे तापलेली स्प्रिंग खाचेतून काढा, नोज प्लायरने टोक वळवा, टर्मिनलच्या स्क्रूभोवती गुंडाळा, ती ऐकते. कँथल ऐकत नाही. हजार डिग्रीच्या वर तास न् तास राहिली की तिच्या आतले धातूचे दाणे वाढत जातात, आणि थंडपणी तिला वाकवायला गेलं की जळक्या पापडासारखी टचकन मोडते. तापलेली असताना मात्र ती उलट जास्तच मऊ असते, स्वतःच्या वजनाने लोंबते. म्हणजे गरम असताना लुळी, थंड असताना ठिसूळ. तिला खाचेचा आधार लागतो, आणि एकदा बसवली की हात लावायचा नाही.

आता घोळ कुठून येतो ते बघा. तारेची कॉइल घरी गुंडाळायचे बहुतेक व्हिडिओ व्हेपवाल्यांचे. आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेट बनवणं, विकणं, साठवणं सगळंच बंद आहे, पण व्हिडिओ काही बंद नाहीत. त्यात पोरगा कँथलची तार टॉर्चवर लाल करतो, मग बारीक सळीवर पाच-सहा वेढे घेतो आणि सांगतो, "तापवली की मऊ होते." खोटं बोलत नाही तो. कारखान्यात ओढून काढलेली नवी तार ताठ असते. काही सेकंद लाल केली की तो ताठा जातो आणि वेढे उसळत नाहीत. पण ती कॉइल काही दिवसांत फेकून द्यायची असते, तिला पुन्हा वाकवायची वेळच येत नाही. शिवाय तिथे चार व्होल्टची बॅटरी, इथे भिंतीतले २३०. हाच धडा घेऊन लोक वर्षभर चाललेल्या भट्टीची कॉइल थंडपणी सरळ करायला जातात, आणि हातात तुकडे घेऊन माल खोटा असल्याची तक्रार करतात. माल खरा असतो. वापरलेल्या कँथलला आकार द्यायचाच असेल, तर प्लग उपटून ठेवा (नुसतं बटन बंद करून नाही), तेवढा भाग टॉर्चने मंद लाल करा आणि लाल असतानाच वळवा.

माझा आणखी एक राग. कँथलवर राखाडी-पांढरी साय चढते, ती लोक पॉलिश पेपरने घासून काढतात. अहो, ते अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड आहे. तीच तिची कातडी, त्याच्याच जोरावर ती टिकते. तारेला चकाकी कशाला हवी?

म्हणून माझं मत पक्कं आहे: घरच्या शेगडीत आणि रूम हीटरमध्ये नायक्रोमच. तिथे तार हलते, ठोकर खाते, टोकं सैल होतात, कोणीतरी कधीतरी ती वळवणारच. इतवारीच्या सराफ्यात सोनं वितळवायची भट्टी असेल तर मात्र कँथल. सोनं १०६४ डिग्रीला वितळतं आणि तारेला भट्टीपेक्षा बरंच जास्त तापावं लागतं. तिथे नायक्रोम शेवटच्या पायरीवर उभी असते.

अदलाबदल करायचीच असेल तर लांबी मोजा, 'जुनीएवढीच द्या' म्हणू नका. अर्धा मिलिमीटर जाडीची नायक्रोम मीटरला साडेपाच ओहम, ए-वन कँथल जवळपास साडेसात. २३० व्होल्टवर १००० वॅटला ५३ ओहम लागतात, म्हणजे नायक्रोम साडेनऊ मीटर आणि कँथल सव्वासातला थोडी कमी. कँथलच्या मापाने नायक्रोम टाकली तर शेगडी तेराशे वॅटच्या वर जाते आणि पिन काळी पडते. उलट केलं तर साडेसातशेवर येऊन चहाला अर्धा तास. तुटलेलं टोक कापून उरलेली स्प्रिंग ताणून बसवणाऱ्यांनाही हाच हिशेब लागू: तार कमी, वॅट जास्त, आणि पुढच्या वेळी आणखी लवकर तुटते.

दुकानात घेताना नुसतं चुंबक लावून "कँथल आहे" म्हणू नका, साधी लोखंडी तारही चिकटते. मीटरभर तार उलगडून मल्टीमीटर लावा. अर्ध्या मिलिमीटरच्या तारेला सात-साडेसातऐवजी अर्धा ओहम दाखवला, तर ती कपडे वाळत घालायला बरी.