घंटा कोणी निवडायची?

मीटिंगला पंधरा मिनिटं उरली की आऊटलुक आवाज करून आठवण देतं. विंडोजवरच्या आऊटलुकमध्ये हा आवाज बदलता येतो, आपल्या पसंतीची फाइल लावता येते. पण २०२३च्या मार्चपर्यंत आपल्या संगणकावर कोणता आवाज वाजावा, हे निमंत्रण पाठवणारा परका माणूसही ठरवू शकत होता. एवढ्याशा सोयीतून कित्येकांच्या पासवर्डपर्यंत जाणारी वाट उघडी पडली होती.

निमंत्रणाच्या मेलमध्ये डोळ्यांना न दिसणारे बरेच रकाने असतात. त्यातला एक रकाना आवाजाच्या फाइलच्या पत्त्याचा. हा पत्ता आपल्याच संगणकावरचा असेल, असं आऊटलुक लिहिणाऱ्यांनी गृहीत धरलं असावं. हल्लेखोरांनी तिथे इंटरनेटवरच्या स्वतःच्या सर्व्हरचा पत्ता घातला. आठवण द्यायची वेळ झाली की आऊटलुक मुकाट्याने त्या सर्व्हरकडे फाइल मागायला जायचं. निमंत्रणाची वेळ मुद्दाम उलटून गेलेली ठेवायची, म्हणजे मेल येताक्षणी घंटा वाजवायची धडपड सुरू. मेल उघडायला नको, लिंकवर टिचकी नको, माणूस खुर्चीवर नसला तरी चालेल. मला या प्रकरणातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते. ‘अनोळखी मेल उघडू नका’ हा आपण एकमेकांना देत आलेला सल्ला इथे पूर्ण निरुपयोगी होता.

फाइल मागायला गेल्यावर पासवर्ड कसा धोक्यात येतो? ऑफिसमधल्या सामायिक फोल्डरवर टिचकी मारली की ते दरवेळी पासवर्ड विचारत बसत नाही. ओळख पटवण्याचं काम विंडोज परस्पर उरकतं. त्यासाठीची एक जुनी पद्धत म्हणजे एनटीएलएम. यात सर्व्हर एक यादृच्छिक आकडा पाठवतो. आपला संगणक पासवर्डपासून बनवलेला हॅश, म्हणजे पासवर्डचा गणिती ठसा, घेतो, त्याच्या आधारे त्या आकड्यावर गणिती प्रक्रिया करतो आणि येणारं उत्तर परत धाडतो. मूळ पासवर्ड तारेवरून जातच नाही.

मग चिंता कशाची? साळीचे पोहे होतात, पोह्यांची पुन्हा साळ होत नाही; हॅशचंही तसंच आहे. पण चोराला पोहे उलटे फिरवायची गरज नसते. तो जगातल्या सगळ्या नेहमीच्या साळी एकेक करून कांडत बसतो आणि कोणाचे पोहे हातातल्या पोह्यांशी जुळतात ते पाहतो. ग्राफिक्स कार्डांच्या जोरावर ही कांडणी अफाट वेगाने होते, त्यामुळे आडनाव आणि जन्मसाल जोडून केलेला पासवर्ड टिकत नाही. दुसरी वाट आणखी जवळची. हल्लेखोर मध्ये उभा राहून खऱ्या सर्व्हरकडून आकडा घेतो, तो फसलेल्या संगणकाला देतो आणि आलेलं उत्तर खऱ्या सर्व्हरपुढे ठेवतो. सर्व्हर एनटीएलएम स्वीकारत असेल आणि त्यावर इतर बंदोबस्त नसेल, तर पासवर्ड न कळताच आत प्रवेश मिळतो.

ही त्रुटी उजेडात आणण्यात युक्रेनच्या सायबर आणीबाणी पथकाचा मोठा वाटा होता. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०२३ रोजी दुरुस्ती दिली. धोक्याची पातळी १० पैकी ९.८. तोपर्यंत युरोपातल्या सरकारी, लष्करी, ऊर्जा आणि वाहतूक क्षेत्रांतल्या निवडक संस्थांवर तिचा वापर होऊन गेला होता आणि त्याच्या खुणा एप्रिल २०२२पर्यंत मागे जात होत्या. संशय रशियाच्या लष्करी गुप्तचर यंत्रणेशी जोडलेल्या एपीटी२८ या गटावर आला. मे २०२४ मध्ये जर्मन सरकारने सत्ताधारी सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या मेल खात्यांवरच्या हल्ल्यासाठी याच गटाला उघडपणे जबाबदार धरलं. मॅक, अँड्रॉइड, आयफोन आणि ब्राउझरमधलं आऊटलुक मात्र यातून वाचलं होतं.

दुरुस्ती काय होती? आवाजाच्या फाइलचा पत्ता आला की आऊटलुक आता विंडोजच्या एका जुन्या फंक्शनला, म्हणजे एक ठरावीक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याला, विचारू लागलं, ‘हा पत्ता घरचा की बाहेरचा?’ बाहेरचा असेल तर जायचं नाही. ऐकायला चोख. पण अकामाई कंपनीचे संशोधक बेन बार्निया यांनी ती दुरुस्तीच तपासायला घेतली. त्यांनी पत्त्यात एक बॅकस्लॅश, म्हणजे एक उलटी तिरपी रेघ, जास्तीची घातली. पत्ता तपासणाऱ्या फंक्शनने तो वाचला आणि घरचा ठरवला. फाइल उघडणाऱ्या फंक्शनने तोच पत्ता वाचला आणि ते बाहेरच्या सर्व्हरकडे गेलं. दारावरचा पहारेकरी आणि आतला कारकून एकच चिठ्ठी दोन तऱ्हांनी वाचत होते. मे २०२३ मध्ये या दुरुस्तीची दुरुस्ती आली.

पहिली दुरुस्ती करणाऱ्यांना मी दोष देणार नाही. विंडोजमध्ये पत्ता लिहिण्याच्या तऱ्हा इतक्या आहेत, की त्या सगळ्या एकसारख्या वाचणारं कोड लिहिणं खरोखर अवघड आहे. माझा आक्षेप त्याच्या अलीकडचा आहे. माझ्या संगणकावर वाजणारी घंटा पाठवणाऱ्याने का निवडावी? पहारेकऱ्याला जास्त शिकवण्यापेक्षा ते दारच विटांनी बुजवणं सोपं होतं. बार्निया यांनीही ही सोय काढूनच टाकावी असं सुचवलं होतं, कारण तिच्या उपयोगापेक्षा तिचा धोका मोठा.

ती लगेच निघाली नाही. पुढे बार्नियांना पत्ता तपासणीला चकवणारी आणखी एक युक्ती सापडली, शिवाय आवाजाची फाइल वाचणाऱ्या विंडोजच्या कोडमध्येही एक त्रुटी मिळाली. दोन्ही जोडल्या तर नुसती घंटा वाजताना समोरच्या संगणकावर हल्लेखोराचा प्रोग्राम चालवता येत होता. पहिलीची दुरुस्ती ऑगस्ट २०२३ मध्ये आली, दुसरीची ऑक्टोबरमध्ये.