पिंपाकडे नको, काट्याकडे बघा

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, टूसॉन शहराच्या आसपासच्या सोनोरन वाळवंटात, गुडघ्यापासून कमरेपर्यंत उंचीचे जाडजूड निवडुंग जागोजागी दिसतात. पिंपासारखे दिसतात म्हणून ते ‘बॅरल कॅक्टस’. पण नुसत्या आकारावर गेलात तर फसाल. पुढे दहा-बारा मीटर उंच होणारा साग्वारो निवडुंगही बालपणी असाच गोलमटोल असतो. आणि शहरातल्या बागांत दिसणारा, पिवळ्याधमक सरळ काट्यांचा ‘गोल्डन बॅरल’ मुळात इथला नव्हेच. तो मेक्सिकोतून आणून लावलेला.

खरी ओळख काट्यांच्या एका झुबक्यात असते. निवडुंगाच्या उभ्या धारेवर ठरावीक अंतराने लवदार ठिपके असतात. त्यांना एरिओल म्हणतात आणि काटे तिथूनच फुटतात. एरिओल ही कॅक्टस कुळाची खूण. आपल्या त्रिधारी निवडुंगाला ती नसते. त्याला कापलं की पांढरा चीक येतो आणि तो एरंडाच्या कुळातला. फड्या निवडुंग मात्र खरा कॅक्टस, अमेरिकेतूनच इकडे आलेला.

आता एक झुबका जवळून बघा. मधोमध चार दणकट काटे. त्यांतला एक चपटा, अंगावर आडव्या वळ्या असलेला आणि टोकाला मासेमारीच्या गळासारखा वळलेला. भोवती पांढुरके, बारीक, केसांसारखे काटे. एवढं जुळलं की तो फेरोकॅक्टस विस्लिझेनी, म्हणजे फिशहूक बॅरल. भोवतीचे बारीक काटे नसून सगळेच जाडजूड असतील, तर तो बहुधा त्याचा भाऊबंद, फेरोकॅक्टस एमोरी. साग्वारोच्या काट्यांना गळ नसतो, ते सरळ असतात.

फुलंही साक्ष देतात. ॲरिझोनातल्या उन्हाळी पावसालाही मान्सूनच म्हणतात. त्याच दिवसांत, जुलै ते सप्टेंबरमध्ये, फिशहूकच्या डोक्यावर केशरी-पिवळ्या फुलांचं कडं उमलतं. मागाहून छोट्या अननसासारखी पिवळी, बिनकाट्याची फळं धरतात आणि महिनोन्‌महिने तशीच राहतात. साग्वारोची फुलं पांढरी, तीही तो माणसापेक्षा उंच झाल्यावरच येतात. त्यामुळे कमरेएवढ्या झाडावर पिवळ्या फळांचा मुकुट दिसला की साग्वारोची शंका मिटते.

फिशहूक बॅरलला कापलं की आत प्यायचं पाणी मिळतं, ही समजूत मात्र घातक आहे. आत असतो तो कडवट, बुळबुळीत गर. तो खाऊन मळमळ होते आणि तहानलेल्याच्या अंगातलं उरलंसुरलं पाणीही जातं. पन्नास-शंभर वर्षं जगू शकणारं झाड अशा गैरसमजापायी कापलं जावं, याचं मला फार वाईट वाटतं.

वय वाढलं की फिशहूक बहुतेकदा दक्षिणेकडे किंवा नैर्ऋत्येकडे कलतो. उन्हाच्या बाजूची वाढ मंदावते, सावलीची बाजू वाढत राहते, आणि झाड वाकतं. म्हणून त्याला ‘कंपास बॅरल’, म्हणजे होकायंत्रासारखा दिशा दाखवणारा बॅरल, असंही म्हणतात. काही म्हातारी झाडं इतकी कलतात की जोरदार पावसानंतर मऊ झालेल्या जमिनीतून मुळासकट आडवी होतात.