एका रेघेवर किती भरवसा ठेवायचा?

जानेवारी २०२२ च्या पहिल्या आठवड्यात मुंबईतल्या कोरोना रुग्णांचा रोजचा आकडा वीस हजारांच्या वर गेला. घरात कोणाला कणकण आली की पहिली धाव औषधाच्या दुकानाकडे असायची, घरगुती रॅपिड अँटिजेन किटसाठी. किट विकले जात होते, निकाल मात्र नोंदवले जात नव्हते. म्हणून त्याच महिन्यात महापालिकेने किट घेणाऱ्यांची नोंद ठेवायला विक्रेत्यांना सांगितलं. घरोघरी प्रश्न एकच होता: एकच रेघ आली आहे, म्हणजे निगेटिव्ह; मग आजीजवळ बसायला हरकत नाही ना?

खोक्यावर छापलेली अचूकतेची टक्केवारी या प्रश्नाचं उत्तर देत नाही. स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीवरचा नमुना, कोणाच्या नाकातून, आजाराच्या कितव्या दिवशी आणि कोणाच्या हातांनी घेतला, यावर तो आकडा हलतो. किती हलतो ते कळण्यासाठी आधी प्लास्टिकच्या त्या कॅसेटमध्ये डोकावू.

आत तीन-चार मिलिमीटर रुंदीची एक पट्टी असते. एका टोकाला थेंब शोषून घेणारा पॅड. त्याला लागून दुसरा पॅड, ज्यात अँटिबॉडी वाळवून ठेवलेल्या असतात आणि त्यांना सोन्याचे अतिसूक्ष्म कण चिकटवलेले असतात. सोनं इतकं बारीक केलं की लालसर दिसतं, म्हणून बहुतेक किटची रेघ लाल-जांभळी असते. पुढे नायट्रोसेल्युलोजचा पांढरा पडदा आणि शेवटी ओलावा ओढून घेणारा टीपकागदासारखा पॅड. नळीतल्या बफर नावाच्या द्रवातलं डिटर्जंट विषाणूचं कवच फोडतं आणि आतलं न्यूक्लिओकॅप्सिड प्रथिन, म्हणजेच अँटिजेन, मोकळं करतं. थेंब टाकला की ते प्रथिन सोन्याच्या कणांवरच्या अँटिबॉडीला चिकटतं, द्रवाबरोबर पुढे सरकतं आणि ‘टी’, म्हणजे चाचणीच्या रेघेपाशी बसवलेल्या दुसऱ्या अँटिबॉडीत अडकतं. पुरेसे कण अडकले तरच रेघ डोळ्यांना दिसते.

‘सी’, म्हणजे पट्टी चालते का ते दाखवणाऱ्या रेघेबद्दल मोठा गैरसमज आहे. ती आली म्हणजे द्रव तिथपर्यंत वाहत गेला आणि पट्टीवरचं रसायन जिवंत आहे, एवढंच कळतं. स्वॅब नाकात नीट फिरला की नाही, हे तिला कळायचा मार्गच नाही. नाकात स्वॅब न घालता नुसता बफर टाकला तरी ‘सी’ रेघ ठसठशीत उमटते. सी आली म्हणजे ‘टेस्ट बरोबर झाली’ असं आपण म्हणतो, ते अर्धंच खरं असतं.

आरटी-पीसीआर या प्रयोगशाळेतल्या चाचणीशी तुलना करताना दोन्हींच्या कामातला मूळ फरक लक्षात घ्यायला हवा. पीसीआर विषाणूच्या जनुकीय तुकड्याच्या प्रती काढतं, प्रत्येक फेरीत जवळपास दुप्पट. दहा फेऱ्यांत एकाचे हजारावर होतात. अँटिजेन पट्टी काहीच वाढवत नाही, जे आहे तेवढंच दाखवते. पीसीआरच्या अहवालावरची सीटी व्हॅल्यू म्हणजे विषाणू दिसायला किती फेऱ्या लागल्या तो आकडा. सीटी २० च्या आसपास असेल तर नाकात विषाणू भरपूर असतो आणि चांगलं किट तो सहसा पकडतं. सीटी ३० च्या पुढे गेली की तेच किट बहुतेक वेळा कोरं राहतं. बिघाड किटमध्ये नसतो, रेघ दिसण्याइतकं प्रथिनच तिथे नसतं.

म्हणूनच एकाच किटचे आकडे जागेगणिक बदलतात. १४ जून २०२० रोजी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, देशातल्या पहिल्या अँटिजेन किटला परवानगी दिली. त्याच्या दोन स्वतंत्र तपासण्यांत विशिष्टता ९९.३ ते १०० टक्के आली, पण संवेदनशीलता ५०.६ ते ८४ टक्के अशी पसरलेली निघाली. संवेदनशीलता म्हणजे खरोखर बाधित असलेल्या शंभरांपैकी किती जणांना टेस्टने पकडलं. विशिष्टता म्हणजे बाधित नसलेल्या शंभरांपैकी किती जणांना तिने बरोबर निगेटिव्ह सांगितलं. आयसीएमआरने तेव्हाच बजावलं होतं की पॉझिटिव्ह आली तर ती खरी धरा, पण लक्षणं असताना निगेटिव्ह आली तर आरटी-पीसीआर करा. ही सूचना आजही तितकीच लागू आहे. वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यात जगभरचे अभ्यास एकत्र केले, तेव्हा लक्षणं असलेल्यांत संवेदनशीलता सरासरी ७३ टक्के आणि लक्षणं नसलेल्यांत ५५ टक्क्यांच्या आसपास निघाली. लक्षणांच्या पहिल्या आठवड्यात ती ८१ टक्क्यांच्या जवळ होती, दुसऱ्यात ५४ वर घसरली.

आता खोक्यावरच्या आकड्याकडे वळू. एखाद्या कंपनीने ३० पॉझिटिव्ह नमुने तपासले आणि २४ पकडले, तर ती ‘८० टक्के’ छापू शकते. पण इतक्या थोड्या नमुन्यांवरून खरा आकडा ६३ ते ९० यांच्या मध्ये कुठेही असू शकतो. ३०० पैकी २४० पकडले असतील तर हीच शक्यता ७५ ते ८४ इतकी आवळते. दोन्ही खोक्यांवर ८० च छापलं जाईल. म्हणून माहितीपत्रकात टक्क्यांच्या आधी नमुन्यांची संख्या शोधावी.

संख्येइतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे नमुने कोणाचे होते. ताप येऊन दोन-तीन दिवस झालेल्या, रुग्णालयात आलेल्या माणसांवर तपासलं तर किट हुशार दिसतं. संपर्कात आलेल्या पण लक्षणं नसलेल्यांवर तेच किट मंद दिसतं. फ्रीजरमधले जास्त विषाणूचे निवडक नमुने वापरले तर आकडा फुगतो. चांगल्या मूल्यमापनात माणसं ओळीने, निवड न करता घेतली जातात. पीसीआरचा आणि अँटिजेनचा स्वॅब त्याच भेटीत घेतला जातो. पट्टी वाचणाऱ्याला पीसीआरचा निकाल माहीत नसतो. हे शेवटचं फार मोलाचं आहे. निकाल आधीच ठाऊक असलेल्या माणसाला फिकट रेघ दिसते, आणि ठाऊक नसलेल्याला तीच रेघ दिसत नाही. पीसीआरलाच कसोटी मानण्यातही एक मेख आहे. बरं झाल्यावरही पीसीआर काही आठवडे पॉझिटिव्ह राहू शकतं. अशा माणसाची अँटिजेन निगेटिव्ह आली तर हिशेबात ती ‘चूक’ धरली जाते, जरी तो माणूस आता कोणाला आजार देण्याची शक्यता कमी असली तरी.

जागतिक आरोग्य संघटनेने किमान ८० टक्के संवेदनशीलता आणि ९७ टक्के विशिष्टता मागितली होती. पण चांगल्या किटचा निकालसुद्धा तो कुठे वापरला यावर बेतलेला असतो. मार्च २०२१ मध्ये मुंबईत मॉल आणि रेल्वे स्थानकांवर सरसकट अँटिजेन चाचण्या सुरू झाल्या. समजा, संवेदनशीलता ७० आणि विशिष्टता ९९.५ टक्के असलेलं किट आहे आणि गर्दीत शंभरात एकच बाधित आहे. हजार जण तपासले तर दहा बाधितांपैकी सात सापडतील आणि निरोगी ९९० पैकी पाच जण उगाच पॉझिटिव्ह ठरतील. बारा पॉझिटिव्हमध्ये पाच खोटे! आता तेच किट लाट ऐन भरात असताना तापाच्या ओपीडीत न्या, जिथे हजारांत तीनशे बाधित आहेत. खोटे पॉझिटिव्ह तीन-चारच निघतील, पण ९० बाधित निगेटिव्हचा निकाल घेऊन घरी जातील. निगेटिव्ह आलेल्या दर नवांपैकी साधारण एक जण बाधित. लाटेत पॉझिटिव्हवर विश्वास ठेवायचा आणि निगेटिव्हवर संशय, लाट ओसरल्यावर नेमकं उलट.

इथवरचे आकडे प्रशिक्षित हातांचे. घरी हे काम स्वयंपाकघराच्या ओट्यावर, चष्मा शोधत, मुलाला धरून होतं. पुण्याच्या मायलॅबचं कोविसेल्फ हे मे २०२१ मध्ये मान्यता मिळालेलं देशातलं पहिलं घरगुती किट. त्यात स्वॅब दोन्ही नाकपुड्यांत दोन ते चार सेंटिमीटर किंवा अडेपर्यंत घालायचा, प्रत्येकीत पाच वेळा फिरवायचा, मग नळीत दहा वेळा घुसळायचा, काडी खुणेवर मोडायची, झाकण लावायचं आणि दोन थेंब टाकायचे. वाचायला हे सोपं वाटतं. चुका मात्र ठरावीक जागी होतात. बरेच जण स्वॅब नाकाच्या तोंडाशीच टेकवून काढतात, कारण आत गेला की शिंक येते. स्वॅब आतल्या भिंतीला घासून फिरायला हवा. नळी बाहेरून चिमटीत दाबून कापूस पिळला नाही तर नमुन्याचा बराच भाग कापसातच राहतो. दोनऐवजी एकच थेंब पडला, किंवा थेंबाच्या नावाखाली बुडबुडा गेला, तर द्रव अर्ध्या वाटेत थांबतो. शेंबूड घट्ट असेल तरी तेच. थेंबांची संख्या किटगणिक वेगळी असते, दुसऱ्या किटच्या आठवणीवर जाऊ नये. एका किटची नळी आणि दुसऱ्याची कॅसेट असं तर कधीच करू नये. बफर द्रवाची आम्लता सांभाळतो. तो वगळून लिंबूपाणी किंवा कोलाचा थेंब टाकला तर अँटिबॉडी बिथरतात आणि ‘टी’ रेघ उमटू शकते. शाळकरी मुलांनी परदेशांत हा उद्योग करून पाहिला आहे.

वेळेची चूकही हमखास होते. पंधरा मिनिटं म्हणजे पंधरा, मोबाइलवर गजर लावून. पाचव्या मिनिटाला कोरी दिसणारी पट्टी बाराव्याला फिकट रेघ दाखवू शकते. उलट कॅसेट तासभर पडून राहिली की पट्टी वाळताना राखाडी सावली उमटू शकते आणि घर घाबरतं. कोविसेल्फमध्ये वीस मिनिटांनंतरचं वाचन ग्राह्य नाही, इतर किटची मर्यादा वेगळी असू शकते. ठरलेल्या वेळेत आलेली रेघ कितीही फिकट असो, ती पॉझिटिव्हच. ट्यूबलाइटखाली कॅसेट थोडी तिरकी धरून पाहावी.

वापरसुलभता तपासताना नेमकं हेच पाहावं लागतं. चाचणी कधीच न केलेल्या माणसांना बंद खोकं द्यायचं, शेजारी गप्प बसायचं आणि कोणती पायरी चुकते ते टिपायचं. मग वेगवेगळ्या गडदपणाच्या कॅसेट दाखवून त्यांच्याकडून निकाल वाचून घ्यायचा. त्यांत साठीपुढची माणसं हवीत, कमी शिकलेली हवीत, मराठी किंवा हिंदीच वाचणारी हवीत. मुंग्यांएवढ्या अक्षरांतला कागद प्रयोगशाळेत कोणाला अडवत नाही, चाळीतल्या खोलीत अडवतो. अंध माणसाला तर ही चाचणी दुसऱ्याच्या डोळ्यांशिवाय वाचता येत नाही.

मुंबईच्या हवेचा वेगळा विचार करावा लागतो. बहुतेक किट २ ते ३० अंशांत ठेवायचे असतात. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेला किट वापरू नये. पावसाळ्यात पट्टी दमट हवा ओढून घेते, म्हणून पाकीट चाचणीच्या वेळीच फोडायचं आणि आतली सिलिका जेलची पुडी शाबूत आहे का ते पाहायचं. किट फ्रिजमध्ये ठेवला असेल तर न फोडता अर्धा तास बाहेर राहू द्यावा. गार बफर पट्टीवर हळू चढतो आणि गार पाकीट फोडलं की आत दव धरतं.

राहिला आजीचा प्रश्न. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सांगितलं की लक्षणं असतील तर ४८ तासांच्या अंतराने दोनदा, आणि लक्षणं नसून संपर्क आला असेल तर तीनदा चाचणी करा. पहिल्या दिवशी विषाणू कमी असतो, दोन दिवसांत तो पट्टीच्या टप्प्यात येऊ शकतो. तोवर घसा खवखवणाऱ्याने मास्क लावावा, खिडकी उघडी ठेवावी आणि आजीचं ताट दुसऱ्या कोणी वाढावं. ज्या घरात केमोथेरपी किंवा डायलिसिस चालू आहे, तिथे दुसऱ्या पट्टीसाठीही थांबू नये. एकच रेघ दिसली तरी त्याच दिवशी आरटी-पीसीआरला नमुना द्यावा आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन करावा.