एका ओळीत एक काम: टर्मिनलमधल्या टूडू यादीची पार्श्वभूमी

१९७९ मध्ये आलेल्या, युनिक्स या संगणक-प्रणालीच्या सातव्या आवृत्तीत ‘कॅलेंडर’ नावाची एक छोटी कमांड होती. त्याच नावाची एक फाइल ठेवायची, तीत तारखेसह एकेक ओळ लिहायची, की आजच्या आणि उद्याच्या तारखेच्या ओळी पडद्यावर यायच्या. शनिवार-रविवार आले की तिचा ‘उद्या’ सोमवारपर्यंत ताणला जायचा. महिना आधी आणि तारीख नंतर, एवढंच तिला कळायचं. ‘७ डिसेंबर’ असं लिहिलं तर ओळ दिसायचीच नाही. व्यवस्थापकानं सोय केली असेल, तर हीच कमांड रोज पहाटे प्रत्येकाची फाइल चाळून ज्याच्या त्याच्या ओळी त्याला मेल करायची.

आत फारसं काही नव्हतं. एक लहानसा प्रोग्राम तारखेचे नमुने तयार करायचा आणि त्यांवरून ओळी शोधायचं काम ईग्रेप या मजकूर शोधणाऱ्या कमांडकडे सोपवायचा. युनिक्स जिथे घडलं, त्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेतली ही पद्धतच होती. तिथल्याच डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून १९७३ मध्ये युनिक्समध्ये पाइप आले, आणि एका प्रोग्रामचा मजकूर थेट दुसऱ्याला देता येऊ लागला. मजकूर साधा असेल तर यादी गाळायला, क्रम लावायला, मोजायला वेगळं काही लिहावं लागत नाही. टर्मिनलमधल्या, म्हणजे कमांड टाइप करून चालवायच्या, कामांच्या यादीचा पुढचा सगळा प्रवास मला तरी एकाच प्रश्नाभोवती फिरताना दिसतो: किती गोष्टी फाइलवर सोडायच्या आणि किती प्रोग्रामनं हातात घ्यायच्या?

फेब्रुवारी २००४ मध्ये सॅन डिएगोतल्या एका परिषदेत डॅनी ओब्रायन यांनी भरपूर काम उरकणाऱ्या प्रोग्रामरांच्या सवयींवर भाषण दिलं. या मंडळींकडे काही खास सॉफ्टवेअर असेल अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात त्यांतल्या अनेकांचा सगळा पसारा एका टेक्स्ट फाइलमध्ये होता, आणि जोडीला स्वतःपुरत्या लिहिलेल्या चार-दोन स्क्रिप्ट, म्हणजे छोटे प्रोग्राम. त्याच सुमारास डेव्हिड ॲलन यांची २००१ मधल्या ‘गेटिंग थिंग्ज डन’मधली पद्धत संगणकवाल्यांत जोरात होती. काम कुठे आणि कशाच्या मदतीनं करता येईल त्यानुसार याद्या वेगळ्या ठेवा, असं ती सांगते.

हे दोन धागे २००६ मध्ये जिना ट्रपानी यांच्या ‘टूडू डॉट टीएक्सटी’त एकत्र आले. एका ओळीत एक काम. सुरुवातीला कंसात एक अक्षर म्हणजे प्राधान्य, + लावलेला शब्द म्हणजे प्रकल्प, @ लावलेला शब्द म्हणजे संदर्भ, म्हणजे काम कुठे किंवा कशाच्या मदतीनं करायचं ते. काम झालं की ओळीच्या आधी एक्स. सोबतची शेल स्क्रिप्ट सोयीची आहे, पण ती नसली तरी यादी वाचता येते, बदलताही येते. (खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डॉमिनिक यांचा ‘ऑर्ग मोड’ २००३ चा, म्हणजे याच्याही आधीचा. तोही साध्या मजकुरावरच उभा आहे, पण राहतो ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये.)

खरी पंचाईत आकड्यांची. ‘तिसरं काम झालं’ असं सांगायचं, तर तिसरं म्हणजे नेमकं कोणतं? ट्रपानींच्या स्क्रिप्टनं ओळीचा क्रमांकच कामाचा क्रमांक मानला. एकाच संगणकावर हे सुरळीत चालतं. दोन ठिकाणी फाइल बदलली की गोंधळ. स्टीव्ह लॉश यांनी २००९ मध्ये ‘टी’ नावाचं अगदी छोटं साधन लिहिलं, त्यात कामाच्या मजकुरावरूनच त्याची खूण काढली जाते. त्यामुळे दोन संगणकांवरच्या याद्या जुळवणं सोपं होतं. ‘टी’मध्ये प्राधान्य नाही आणि देय तारीखही नाही. कामं मांडत बसण्यापेक्षा संपवा, असा त्यामागचा सरळ रोख.

पॉल बेकिंगहॅम यांचा २००८ मधला ‘टास्कवॉरियर’ नेमका उलट दिशेनं गेला. प्रकल्प, टॅग, देय तारीख, पुन्हा पुन्हा येणारी कामं, एकावर अडलेलं दुसरं काम, हे सगळं त्यात आलं. प्रत्येक कामाला एक कायमची लांबलचक ओळख मिळते आणि टाइप करायला एक छोटा आकडा. कामं संपत गेली की हे छोटे आकडे नव्यानं वाटले जातात. म्हणून सकाळी पाहिलेला आकडा संध्याकाळी डोळे झाकून वापरू नये. काय आधी करायचं हेही तो सुचवतो: देय तारीख, प्राधान्य, कामाचं वय वगैरेंना ठरलेले गुण देऊन तातडीचा आकडा काढतो. देय तारखेचं वजन मुळात १२, वरच्या प्राधान्याचं ६. दोन्ही बदलता येतात. हे गुण जुळवण्यातच कित्येकांची दुपार जाते, आणि ‘टी’सारख्या साधनांचं आकर्षण मला तिथेच समजतं.

तरीही टास्कवॉरियरच्या फाइली अनेक वर्षं साध्या मजकुराच्याच राहिल्या. मार्च २०२४ मधल्या ३.० आवृत्तीनं हे बदललं. यादी साठवायचं काम करणारं, रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं ‘टास्कचॅम्पियन’ आत आलं, आणि यादी एसक्यूलाइटच्या डेटाबेसमध्ये गेली. कारण सिंकचं होतं: अनेक उपकरणांवरचे बदल टक्कर न होता जुळावेत आणि सर्व्हरला ते वाचता येऊ नयेत, हे साध्या फाइलीनं साधणं अवघड. बदल्यात ग्रेपसारख्या शोधायच्या कमांडनं थेट यादी चाळायची सोय गेली, जुन्या सिंक सर्व्हरचा आधारही गेला. मला हा सौदा पटतो, कारण एक्स्पोर्ट केलं की सगळी यादी अजूनही जेसन या मजकुराच्या स्वरूपात बाहेर येते. फक्त जुन्या आवृत्तीतून असं एक्स्पोर्ट न करताच अपडेट करणाऱ्याला पहिल्या कमांडला रिकामी यादी दिसायची, आणि कामं शेजारच्या जुन्या फाइलींत जशीच्या तशी असायची.