टेक्स्ट एडिटरमधून शेल कमांड व कमांड हिस्टरी

टेक्स्ट एडिटर बंद न करता त्यातूनच ऑपरेटिंग सिस्टिमची कमांड चालवणे, तिचे आउटपुट मजकुरात हव्या त्या जागी घेणे किंवा मजकुराचा एखादा भाग तिच्यातून गाळून त्याच जागी निकाल बसवणे. तसेच एकदा दिलेली कमांड पुन्हा टाइप न करता हिस्टरीतून काढून, लागल्यास दुरुस्त करून, परत वापरणे. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या परंपरेत ही सोय फार जुनी आहे. (या नोंदीत कमांडची नावे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, कीबोर्डवर ती अर्थातच रोमन अक्षरांत द्यायची.)

केन टॉम्पसन यांनी १९६९ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये ‘ईडी’ हा ओळीगणिक काम करणारा एडिटर लिहिला. टर्मिनल म्हणजे तेव्हा कागदावर छापणारे टेलिटाइप यंत्र. दुसरी खिडकी उघडून तिथे कमांड द्यावी, हा प्रश्नच नव्हता. एडिटरमध्ये शिरले की शेल, म्हणजे कमांड घेऊन चालवणारा प्रोग्रॅम, सुटले. यावर ईडीने काढलेला उपाय एका चिन्हाचा होता: ओळीच्या सुरुवातीला ‘!’ द्यायचे आणि पुढे हवी ती कमांड. ती चालते, आउटपुट दिसते, आणि आपण पुन्हा एडिटरमध्ये जिथल्या तिथे असतो. आजच्या ईडीत ‘!!’ दिले की मागचीच कमांड पुन्हा चालते. हिस्टरीचे हे सर्वांत गरीब रूप: लक्षात एकच कमांड, पण तीच बहुधा हवी असते.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस बर्कलीत बिल जॉय यांनी ‘ईएक्स’, त्याचे पडदाभर मजकूर दाखवणारे रूप ‘व्हीआय’ आणि सी शेल ही तिन्ही साधने घडवली. सी शेलमध्येही ‘!!’ म्हणजे मागची कमांड. एडिटर आणि शेल या दोन्ही ठिकाणी उद्गारचिन्हाला ‘मागचे पुन्हा’ हा अर्थ आहे. एडिटरमध्ये मात्र त्याला ‘बाहेर शेलकडे जा’ हा आणखी एक अर्थ आहे, आणि नवख्यांचा गोंधळ बहुतेक इथेच होतो.

व्हीआय आणि त्याचा वारसदार ‘विम’ (ब्रॅम मूलेनार, पहिली जाहीर आवृत्ती १९९१) यांत या सोयीचे चार प्रकार आहेत. ‘:!कमांड’ नुसती चालवते. ‘:आर !डेट’ कमांडचे (डेट म्हणजे तारीख सांगणारी कमांड) आउटपुट कर्सरच्या ओळीखाली आणून ठेवते. ‘:डब्ल्यू !कमांड’ पूर्ण मजकूर कमांडकडे पाठवते. चौथा प्रकार सर्वांत कामाचा: ‘:१०,२५!सॉर्ट’ दिले की दहा ते पंचवीस या ओळी सॉर्टमधून जातात आणि क्रमवार लागून त्याच जागी परततात. एडिटरला क्रम लावता येतो की नाही, हा प्रश्नच मग उरत नाही. सिस्टिमवरचा प्रत्येक फिल्टर (मजकूर घेऊन तो बदलून परत देणारा प्रोग्रॅम) एडिटरचीच कमांड होऊन बसतो. निकाल पटला नाही तर ‘यू’ दाबून अनडू करता येते; शेलमध्ये ही चैन नाही.

यात चिन्हे फार जपून वापरावी लागतात. ‘:डब्ल्यू !एसएच’ लिहिले (एसएच हे शेलचेच नाव) तर फाइलचा मजकूर शेल कमांड म्हणून चालतो. तीच मोकळी जागा एक घर सरकवून ‘:डब्ल्यू! एसएच’ केले तर ‘एसएच’ नावाच्या फाइलमध्ये मजकूर बळजबरीने लिहिला जातो. ‘%’ म्हणजे चालू फाइलचे नाव, त्यामुळे ‘:आर !डेट +%डी’ मागितल्यावर तारखेऐवजी फाइलच्या नावाचा कचरा हाती येतो. तिथे ‘%’ च्या आधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. कमांडमध्ये खरेखुरे उद्गारचिन्ह हवे असेल तरी तेच, नाहीतर त्या जागी मागची कमांड येऊन बसते. शिवाय प्रत्येक ‘:!’ साठी नवे शेल सुरू होऊन लगेच संपते. म्हणून ‘:!सीडी’ ने डिरेक्टरी बदलली तरी पुढच्या कमांडला त्याचा पत्ता नसतो.

हिस्टरीच्या बाबतीत मूळ मुद्दा हा की एडिटरची आणि शेलची हिस्टरी वेगवेगळ्या असतात. ‘:!’ ने चालवलेली कमांड बॅश या शेलच्या हिस्टरी फाइलमध्ये सापडत नाही, कारण ती चालवणारे शेल संवादी (माणसाकडून थेट कमांड घेणारे) नसते. ती सापडते एडिटरच्या स्वतःच्या हिस्टरीत. विम अशा पाच याद्या वेगळ्या राखतो. कोलनने सुरू होणाऱ्या कमांडची एक, शोधाची दुसरी, वगैरे. विमची मूळ मर्यादा बराच काळ ५० नोंदींची होती, विमपासून निघालेल्या निओविममध्ये ती १०,०००. विम बंद केल्यावरही याद्या ‘विमइन्फो’ फाइलमध्ये टिकतात. ‘:!’ टाइप करून वरचा बाण दाबला की फक्त ‘:!’ ने सुरू होणाऱ्या जुन्या कमांड येतात, तर कंट्रोल-पी सरसकट मागे नेतो. हा फरक माहीत नसलेले लोक वर्षानुवर्षे पन्नास वेळा बाण दाबत राहतात.

विममध्ये ‘क्यू:’ दाबले की कोलन-कमांडची सगळी हिस्टरी एका छोट्या खिडकीत साध्या मजकुरासारखी उघडते. तिच्यात शोधता येते, जुनी ओळ सुधारता येते, आणि एंटर दाबले की ती ओळ चालते. बाहेर पडायला ‘:क्यू’ देताना बोटे उलटसुलट पडून हीच खिडकी उघडते आणि माणूस वैतागतो. विमवर काम करणाऱ्या बहुतेकांची तिच्याशी पहिली ओळख अशीच होते.

ईमॅक्स या दुसऱ्या एडिटरमध्ये (जीएनयू आवृत्ती १९८५ पासून) मेटा-! ने (मेटा म्हणजे बहुधा ऑल्ट की) कमांड चालते, मेटा-| ने निवडलेला भाग कमांडला जातो आणि आधी कंट्रोल-यू दिल्यास आउटपुट त्या भागाची जागा घेते. कमांड विचारणाऱ्या ओळीत मेटा-पी व मेटा-एन यांनी मागेपुढे जाता येते. याखेरीज संपूर्ण शेलच एका बफरमध्ये (एडिटरने उघडलेल्या मजकुरात) चालवता येते, तेव्हा दिलेल्या कमांड आणि त्यांची आउटपुट हा सगळाच मजकूर होतो. रॉब पाइक यांच्या ‘अ‍ॅक्मी’ या, प्लॅन ९ ऑपरेटिंग सिस्टिमवरील एडिटरने हेच टोकाला नेले. पडद्यावरच्या कुठल्याही शब्दावर माउसचे मधले बटण दाबले की तो कमांड म्हणून चालतो. तिथे वेगळ्या हिस्टरीची फारशी गरजच राहत नाही. खिडकीत लिहिलेले तेच हिस्टरी. व्हीआयमध्ये याची गावठी आवृत्ती करता येते: नोंदवहीसारख्या फाइलमध्ये कमांड लिहून ठेवायच्या आणि हव्या त्या ओळीवर ‘:.डब्ल्यू !एसएच’ द्यायचे. ओळ तशीच राहते, कमांड चालते. अशी फाइल हिस्टरीपेक्षा बरी, कारण तिच्यात चुकलेल्या कमांडची अडगळ साचत नाही.

उलटा प्रवासही आहे. बॅशमध्ये कंट्रोल-एक्स, कंट्रोल-ई दाबले की टाइप होत असलेली ओळ एडिटरमध्ये उघडते. ‘एफसी’ ही कमांड हिस्टरीतली ओळ तशीच उघडते. एडिटर बंद करताच ती चालते, आणि फसगत इथेच होते. बदल सेव्ह न करता बाहेर पडले म्हणजे कमांड रद्द झाली असे वाटते, पण मूळ ओळ जशीच्या तशी चालून जाते. रद्दच करायचे तर मजकूर पुसून सेव्ह करावे, किंवा विममध्ये ‘:सीक्यू’ देऊन एडिटर अपयशी ठरल्याचा संकेत देत बाहेर पडावे.

सुरक्षेच्या दृष्टीने एडिटरमधले शेल ही पळवाट ठरू शकते. एखाद्याला ‘सुडू’ ने (रूट, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या अधिकारात, कमांड चालवू देणारे साधन) केवळ एक फाइल व्हीआयमध्ये उघडायची परवानगी दिली, तरी ‘:!एसएच’ देऊन तो रूटचे पूर्ण शेल मिळवतो. अशा कामासाठी ‘सुडूएडिट’ आहे, जे फाइलची तात्पुरती प्रत वापरकर्त्याच्याच अधिकारात उघडते. विमचा ‘आरविम’ हा निर्बंधित अवतार शेल कमांड नाकारतो. आणि कमांडच्या ओळीत पासवर्ड टाइप केला असेल, तर तो शेलच्या हिस्टरीतून पुसल्याने काम भागत नाही. विमइन्फोमध्येही तो उघड्या अक्षरांत बसलेला असू शकतो.