अजिंठ्याच्या भिंतीवरचे लोखंड

अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात डोळे अंधाराला सरावले की सर्वप्रथम तांबडे आणि तपकिरी रंग दिसू लागतात, हिरवा त्यामागून येतो आणि निळा तर शोधावाच लागतो. तांबड्याची ही सुबत्ता आणि निळ्याची ही टंचाई चित्रकारांच्या आवडीनिवडीपेक्षा पायाखालच्या जमिनीशी अधिक निगडित आहे.

वाघूर नदीच्या नालाकृती वळणावरचा हा कडा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हाचा, म्हणजेच बेसाल्टचा आहे. या दगडात लोह भरपूर असते. त्याचा ऑक्सिजनशी संयोग झाला की तांबडे हेमॅटाइट तयार होते. तुळशीवृंदावनाला आपण लावतो तो गेरू याच खनिजामुळे तांबडा असतो. त्याच लोहाच्या संयुगात पाण्याचा अंश मिसळलेला असला, तर पिवडी मिळते. पिवळसर मातीचे मडके भट्टीतून तांबडे होऊन निघते, ते हा पाण्याचा अंश उडून गेल्यामुळे. हिरवा रंगही लोहाचाच, फक्त त्याची बैठक वेगळी. लाव्हा थंड होताना आत अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांमुळे दगडात पोकळ्या राहतात आणि त्यांत पुढे सेलॅडोनाइट नावाचे मऊ, हिरवे खनिज साचते. काळ्यासाठी काजळी होती, पांढऱ्यासाठी चुना आणि पांढरी माती. एवढ्या सामग्रीवर चित्रकाराचे बहुतेक काम भागत असे.

निळा मात्र या डोंगरात नव्हता. तो लाजवर्द या दगडापासून करीत आणि लाजवर्द येई तो अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून. त्याच्या निळाईत लोहाचा संबंध नाही. स्फटिकाच्या जाळीत कोंडलेले गंधकाच्या तीन-तीन अणूंचे गट पिवळा-तांबडा प्रकाश शोषून घेतात आणि निळा तेवढा परत पाठवतात. इसवी सनाच्या पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात रंगवलेल्या लेण्यांमध्ये हा निळा आढळतो. ९ आणि १० क्रमांकाच्या लेण्यांतील, त्याहून काही शतके जुन्या चित्रांत तो दिसत नाही. माझ्या मते, व्यापारी तांड्यांचा इतका बोलका पुरावा एखाद्या शिलालेखातही क्वचितच सापडावा.

रंग भिंतीवर टिकवणे हे वेगळेच शास्त्र होते. छिन्नीचे घाव मुद्दाम खडबडीत ठेवून त्यांवर माती, दगडाची भुकटी, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा थापत आणि त्यावर पांढऱ्या लेपाचा पातळ हात देत. युरोपातील खऱ्या फ्रेस्कोत ओल्या चुन्यावर रंग लावतात आणि चुना दगडासारखा घट्ट होताना रंगकणांना आपल्यात बांधून घेतो. अजिंठ्यात रंग सरसासारख्या चिकट द्रव्यात खलून कोरड्या पृष्ठावर चढवलेला आहे. कलाकाराला त्यामुळे सावकाश काम करण्याची, चुकलेली रेषा सुधारण्याची मुभा मिळाली, पण दमट हवेत पोपडे सुटण्याची आणि तुसावर किडे पोसले जाण्याची भीतीही कायमची मागे लागली. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अवशेष सापडल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झाले आणि तिथे किडीचा उपद्रव कमी असण्याचे कारण संशोधकांनी त्यातच शोधले.

निजाम सरकारने १९२० नंतर बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी सुटणारे पोपडे मोठ्या कौशल्याने जागेवर बसवले, मात्र त्यावर चपड्याचे रोगणही दिले. पुढे ते पिवळे पडले. पिवळ्या काचेतून पाहावे तसा पांढरा रंग मळकट दिसू लागला आणि इतक्या दुरून आणलेला निळा हिरवट वाटू लागला. ताजा चपडा स्पिरिटमध्ये विरघळतो, परंतु जुना झालेला चपडा त्यालाही सहजासहजी दाद देत नाही आणि जोर केला तर खालचा नाजूक रंगथर उचलला जातो. म्हणून पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना तो कापसाच्या बोळ्याने, थोडा थोडा करूनच टिपून काढावा लागतो.