पहिल्या मास्टर्स स्पर्धेत कोणती शर्यत निवडावी?

मास्टर्स जलतरण म्हणजे प्रौढांच्या शर्यती. जागतिक पातळीवर त्या वयाच्या २५व्या वर्षापासून सुरू होतात आणि पुढे पाच-पाच वर्षांचे वयोगट असतात. पहिल्यांदाच नाव देणारा माणूस प्रवेशअर्जातील अंतरे वाचून सहसा असा हिशेब करतो, की आपण रोज सकाळी एक किलोमीटर पोहतो, तेव्हा १०० मीटर सहज जमतील. हा हिशेब फसतो, कारण स्नायूंना मीटर कळत नाहीत. पूर्ण जोर किती वेळ लावायचा आहे, एवढेच त्यांना कळते.

२०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये चीनच्या पान झानले याने १०० मीटर फ्रीस्टाइल ४६.४० सेकंदांत पूर्ण केली. हौशी चाळिशीतल्या जलतरणपटूला तेवढ्याच अंतराला पावणेदोन मिनिटे सहज लागतात, आणि एवढ्या वेळात ऑलिंपिकमधील पुरुष २०० मीटर पोहून जातात. म्हणजे कागदावर जी १०० मीटरची शर्यत दिसते, ती शरीराच्या दृष्टीने २०० मीटरचीच असते. सर्वशक्तीनिशी पोहताना स्नायूंत आधीच साठवलेली तयार ऊर्जा जेमतेम दहा सेकंद पुरते. त्यानंतर ऑक्सिजनविना ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंत साठवलेली साखर, मोडून मिळणारी ऊर्जा मुख्य होते आणि सव्वा मिनिटाच्या आसपास ऑक्सिजनवर चालणारी व्यवस्था निम्मा भार उचलू लागते. ५० मीटर पाऊण मिनिटात उरकणाऱ्याचे दंड भरून येईपर्यंत भिंत हाताशी आलेली असते. १०० मीटरमध्ये मात्र तिसऱ्या २५ मीटरलाच हात जड होतात आणि शेवटचे २५ मीटर अंतर निव्वळ जिद्दीवर काढावी लागते.

त्यात पाण्याचा रोध वेगाच्या साधारण वर्गाच्या पटीत वाढतो आणि त्यावर मात करण्याची शक्ती घनाच्या पटीत लागते. वेग दहा टक्क्यांनी वाढवायचा तर सुमारे एक तृतीयांश शक्ती जास्त खर्चावी लागते. शिट्टी, प्रेक्षकांचा गलका आणि शेजारच्या लेनमधील उसळते पाणी यांच्या भरात पहिले २५ मीटर नेमके असेच उधळले जातात. म्हणून पहिल्या शर्यतीसाठी माझी पसंती ५० मीटर फ्रीस्टाइललाच आहे. तीत कोणत्याही पद्धतीने पोहण्याची मुभा असते, वळताना कोलांटी घेण्याची सक्ती नसते आणि दम लागलाच तर ब्रेस्टस्ट्रोकवर येऊनही शर्यत पुरी करता येते. मास्टर्सच्या नियमांत ब्लॉकवरून, म्हणजे काठावरच्या उंच चौथऱ्यावरून, सूर मारणेही बंधनकारक नाही. काठावरून किंवा पाण्यातूनही सुरुवात करता येते.

ब्रेस्टस्ट्रोक सोपा वाटतो, कारण प्रत्येक हाताला डोके वर येऊन श्वास मिळतो. पण पाय मारण्यासाठी गुडघे ओढून घेताना मांड्या पाण्याला आडव्या येतात, शरीर जवळजवळ थबकते आणि पुन्हा नव्याने वेग घ्यावा लागतो. त्यामुळे प्रत्येक मीटरमागे बरीच ऊर्जा खर्ची पडते. शिवाय नियमही काटेकोर आहेत. प्रत्येक वळणावर आणि शेवटी दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागले पाहिजेत. घाईत एक हात आधी टेकला की पंचांचा हात वर जातो आणि शर्यत बाद होते. एक पाय कात्रीसारखा मारण्याची जुनी सवय असेल तर हा प्रकार तूर्त टाळलेला बरा.

बॅकस्ट्रोक मला नवोदितांसाठी फारच उपेक्षित वाटतो. त्याची सुरुवात सगळ्यांसाठी पाण्यातूनच होते आणि तोंड वर असल्याने श्वासाची चिंता नसते. भिंतीच्या पाच मीटर अलीकडे, डोक्यावर पताकांची दोरी टांगलेली असते. तिच्यापासून भिंतीपर्यंत आपले किती हात होतात, हे सरावात मोजून ठेवले की डोके आपटण्याची भीती उरत नाही. बटरफ्लायमध्ये मास्टर्सना ब्रेस्टस्ट्रोकसारखे पाय मारण्याची सवलत आहे, तरी पहिल्या खेपेला त्याच्या वाटेला जाऊ नये.

रोज संथ लयीत बराच वेळ पोहणाऱ्याने ४०० मीटर फ्रीस्टाइलचाही जरूर विचार करावा. ऐकायला ती भयंकर वाटते, पण तिचा बहुतेक भार ऑक्सिजनवरच्या व्यवस्थेवर असतो आणि त्या व्यवस्थेला रोजच्या पोहण्याने सराव झालेला असतो. अशा माणसाला ती १०० मीटरपेक्षा सोसवते.

एका दिवशी दोन किंवा फार तर तीन शर्यती पुरे. निवडताना कार्यक्रमपत्रिकेतील क्रमही पाहावा. तयार ऊर्जेचा साठा काही मिनिटांत बराचसा भरून निघतो, परंतु १०० मीटर जीव तोडून पोहल्यावर स्नायूंतली आणि रक्तातली आम्लता ओसरायला अर्धा तास किंवा त्याहूनही जास्त वेळ लागतो. टॉवेल गुंडाळून बसण्यापेक्षा सराव तलावात सावकाश पोहत राहिले तर ती लवकर उतरते. अर्जात वेळ लिहिताना मात्र फुशारकी नको. हीट, म्हणजे एका वेळी पोहणाऱ्यांचे गट, या वेळेनुसारच लावल्या जातात, तेव्हा सरावात घड्याळ लावून पोहलेल्या ५० मीटरचीच वेळ द्यावी, म्हणजे शेजारच्या लेनमध्ये साधारण आपल्याच वेगाचा सोबती मिळतो.